मारुतीशेजारचं डोकं

फरीदाबाद
सोमवार, १६ जानेवारी १९९५

चि. सुधन्वा,

त्रेचाळीस वर्षांच्या, कपाळ मागे सरकलेल्या माणसाला चिरंजीव लिहू नये, असं तू मला एकदा सुनावलं होतंस. या खेपेला तो शब्द मी सवयीने लिहिलेला नाही. अर्थ मनात धरून लिहिला आहे, तेव्हा सोसून घे.

पाच वर्षांनी बहिणीचं पत्र म्हणजे तिला काहीतरी झालं असणार, असं समजून घाबरू नकोस. (घाबरलास तर मला बरंच वाटेल, पण ते असो.) मी ठीक आहे. विषय तुझ्या डोक्याचा आहे.

तुझं डोकं आमच्याकडे आहे. ऑक्टोबरपासून ते आमच्या कंट्रोल रूममध्ये मारुतीच्या शेजारी बसलेलं असून दर शनिवारी त्याला तेल वाहिलं जातं. मी स्वतः त्याला तीनदा झेंडू वाहिला आहे. जिवंतपणी एवढा मान आपल्या घराण्यात कुणाला मिळालेला नाही.

झालं ते असं. तुझ्या कारखान्याने ऑक्टोबरमध्ये आमच्या विंड टनेलमध्ये, वाऱ्याच्या बोगद्यात, तपासण्यासाठी तुझ्या रेसच्या गाडीचं लाकडी मॉडेल पाठवलं, खऱ्या गाडीच्या चौथ्या हिश्शाचं. अर्जावर तुझ्या भागीदाराची सही होती, पण खोक्यावरचा पत्ता तुझ्या अक्षरात. माझ्या नावाचा कुठे उल्लेख नव्हता. तू मला ओळख दिली नाहीस, मी तुला दिली नाही. सरकारी काम दोघांनी फार सभ्यपणे पार पाडलं. पूर्वी आमच्या बोगद्यात सरकारी तोफगोळे नि पुलांचे खांब येत. आता सरकार म्हणतं, आपलं उत्पन्न आपण मिळवा. म्हणून गुडगावच्या उंच इमारती येतात, शीतपेयांची होर्डिंगं येतात, आणि तू येतोस.

खोकं आमच्या स्टोअरकीपरने, गुलाबरावांनी उघडलं. ते वर्ध्याचे. कचेरीत धड मराठी बोलायला मला तेवढे एकच आहेत. संध्याकाळी घरी बोलायला फक्त कुकर असतो. खोक्यात मॉडेलसोबत एक वेगळी पुडी निघाली: मोसंबीएवढा लाकडी गोळा, त्याला चंदन आणि कुंकू. दोन दिवसांवर खंडेनवमी होती. गुलाबरावांनी तो गोळा सरळ हत्यारांच्या पूजेत मांडला आणि पूजा उठल्यावर मारुतीशेजारी ठेवून दिला.

परवा संक्रांतीला देव घासायला काढले. तीन महिन्यांच्या तेलाखालून आधी एक पट्टी निघाली, डोळ्यांवरच्या काचेची. मग खाली खुंटीचं भोक. मी गुलाबरावांना म्हटलं, "अहो, हे हेल्मेट आहे. गाडीच्या ड्रायव्हरचं डोकं आहे हे."

ते म्हणाले, "बाई, त्याला कुंकू होतं. कुंकू लावलेली वस्तू मी रॅकवर स्क्रूच्या डब्यात ठेवू काय?"

खुंटीसाठी कॉकपिटमध्ये जे भोक होतं, ते बुजवलं गेलं होतं. त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

आता हसणं पुरे. तुझी गाडी आम्ही ड्रायव्हरशिवाय तपासली. डोकं नव्हतं म्हणून मागच्या पंखाला स्वच्छ, न ढवळलेली हवा मिळाली आणि आकडे सुंदर आले. त्या आकड्यांवर विसंबून २५ नोव्हेंबरच्या अहवालात, पान सहावर लिहिलं आहे की मागचा पंख तीन अंशांनी सपाट केला तरी चालेल, सरळ रस्त्यावर वेग वाढेल. खाली सही कु. ग. खांबेटे यांची, म्हणजे माझी, आहे. ते करू नकोस. केलं असलंस तर पंख पुन्हा होता तसा कर. बारा फेब्रुवारीला तुमची मद्रासची शर्यत आहे, एवढं मला माहीत आहे.

ताई


शनिवार, २१ जानेवारी

चि. सुधन्वा,

पत्र मद्रासला पोचायला चार दिवस लागतात, म्हणून काल फोन केला. आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर एसटीडी बूथ झाला आहे. मालक सरदारजी आहेत. मीटरचे लाल आकडे पळायला लागले की ते गिऱ्हाइकाकडे दयेने बघतात.

तुझ्या वर्कशॉपमधल्या नरसिंहने उचलला. आमचं संभाषण जसंच्या तसं देते, कारण त्यातला एक जण तू होतास, न बोलता.

"सुधन्वा सर हैं?"

"कौन बोलता?"

"दिल्ली से. कुमुद. उनकी बहन."

पलीकडे कुजबुज झाली. मग, "मैडम, सर बोलता, सर बिज़ी."

"ये सर ने खुद बोला?"

"हाँ मैडम. सर इधरीच खड़ा है."

तुझ्या माणसाला खोटं बोलता येत नाही. जपून ठेव त्याला. मी विचारलं, माझं पत्र पोचलं का? म्हणाला, आजच सकाळी आलं. सरांनी पाहिलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. उघडलं का? "नहीं मैडम. पहले वाला भी उधर है. सब बंद." पहिलं म्हणजे अण्णांच्या वर्षश्राद्धाचं असावं.

मग मी त्यालाच सांगितलं, पंखाचा कोन बदलू नका, आमची चाचणी चुकली, मॉडेलवर डोकं बसवायचं राहिलं. तो एकदम हळवा झाला. "सर का हेड? मैं कुंकुम लगाया था मैडम. सेफ जाने के वास्ते." मग त्याने फोनवर हात ठेवला, तुझ्याशी काही बोलला आणि परत येऊन म्हणाला, "सर बोलता, मैडम हर बार बोलता है मत जाओ."

एवढं बोलून फोन ठेवला गेला. त्याने ठेवला की तू, ते कळलं नाही. सरदारजी म्हणाले, "आंटी जी, लाइन ख़राब होगी. मद्रास की लाइन का भरोसा नहीं." मी मान डोलावली.

'हर बार' हे खरं नाही. एकदा. पण त्या एकदाची किंमत तू काय लावलीस ते मी जाणते.

हे पत्रही ड्रॉवरमध्ये जाणार, हे गृहीत धरून लिहिते आहे. त्याचा एक फायदा असा की मनासारखं लिहिता येतं.

ताई


शुक्रवार, २७ जानेवारी

चि. सुधन्वा,

बुधवारी सकाळी तुझं डोकं तुझ्या धडावर बसवलं.

त्यासाठी एक लबाडी करावी लागली. तुझं मॉडेल तुमच्याकडून कुणी न्यायला आलं नाही म्हणून अजून आमच्या स्टोअरमध्येच आहे. संचालक साहेबांकडे जाऊन म्हटलं, अहवाल चुकला आहे, सुधारून पाठवू या. ते म्हणाले, "कुमुद जी, रिवाइज़्ड रिपोर्ट के लिए कमिटी बैठेगी. अगले महीने देखते हैं." पुढच्या महिन्यात कमिटी बसेपर्यंत तू कुठे बसलेला असशील, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. तेव्हा मी मोजणीच्या काट्याची तपासणी करायची आहे असा कागद केला. आमच्या पंख्याच्या मोटरला भरपूर वीज लागते, ती सकाळी साडेसहाला मिळते. मी, रसिका आणि गुलाबराव, तिघं धुक्यात पोचलो.

रसिका माझ्या हाताखालची वैज्ञानिक. तिशीची, हुशार, मराठी घरातली, पण वाढली इथेच. मी म्हटलं, "खुंटी बसते का बघ गं." ती म्हणाली, "मॅडम, खुंटी म्हणजे?" मी दाखवली. "अच्छा, डॉवेल!" म्हणाली. पंचाहत्तर टक्के संस्कृत आणि पंचवीस टक्के पदार्थविज्ञान शिकलेल्या माझ्यासारख्या बाईला आता दोन्हीकडून दुभाष्या लागतो.

गुलाबरावांनी मॉडेलला नमस्कार केला. आपण देव समजून पुजलेल्या गोष्टीवर आता वारा सोडणार, याची त्यांना धास्ती होती. मी म्हटलं, "मारुती वाऱ्याचाच मुलगा ना? मग घरचंच प्रकरण आहे." ते हसले नाहीत.

तुला हे सगळं माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे मला नेमकं कळलं आहे याची तुला खात्री पटेल. तुझ्या गाडीचा मागचा पंख म्हणजे विमानाचा पंख उलटा करून लावलेला. विमानाला तो वर उचलतो, तुला रस्त्यावर दाबतो. त्या दाबाच्या भरवशावर तू वेगाने वळतोस. पण पंखाच्या पुढे तुझं डोकं असतं. हवा डोक्यावरून जाताना ढवळते आणि ढवळलेली हवा पंखाच्या नेमकी मधल्या भागावर जाते. तिथे पंख आपलं काम करत नाही.

आकडे: डोक्याशिवाय मागचा दाब शंभर धर. डोकं बसवल्यावर अठ्ठ्याहत्तर. पंख तीन अंशांनी सपाट केला, म्हणजे आमच्या अहवालाने सांगितलं तसं, तर छप्पन्न. पुढचा दाब मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. याचा अर्थ, वेगात वळताना गाडीचं तोंड वळेल आणि पाठ घसरून बाहेर जाईल. आम्ही तीनदा मोजलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की कॉकपिटमधलं भोक बुजवलं गेलं होतं. गेलं नव्हतं. मी बुजवलं. मला वाटलं सुताराची चूक असेल. मेण भरलं, वरून बोट फिरवून गुळगुळीत केलं आणि स्वतःवर खूश झाले. गुलाबरावांचा दोष इतकाच की त्यांनी कुंकवाचा मान राखला. मी लोकांच्या चुका निस्तरण्यात इतकी वर्षं घालवली आहेत, की नसलेलीही निस्तरली.

काल सुट्टी होती. सगळं सेक्टर टीव्हीवर परेड बघत होतं. आवाज सगळ्या फ्लॅटांतून एकदम येत होता, त्यामुळे मला आपला लावायची गरज पडली नाही.

ताई


शुक्रवार, ३ फेब्रुवारी

चि. सुधन्वा,

पुन्हा फोन केला. नरसिंह म्हणाला, पंख तीन अंशांनी खाली केला आहे, सराव चांगला झाला, सरळ रस्त्यावर गाडी फार छान पळते. मी विचारलं, वळणावर? म्हणाला, अजून सर पूर्ण वेगाने वळलेले नाहीत, ते शर्यतीच्या दिवशी. माझी दोन्ही पत्रं तशीच बंद आहेत. तिसरंही.

मी मद्रासला यायचं ठरवलं होतं. तमिळनाडू एक्सप्रेसची चौकशीसुद्धा केली. मग विचार केला, दारात मला बघून तू काय समजशील? ताई पुन्हा अडवायला आली. आणि गाडी आणखी जोरात काढशील. मी तुला ओळखते. तू पाच वर्षांचा असताना विहिरीच्या कठड्यावरून चालायचास, आणि मी ओरडले की धावायचास.

तेव्हा आता मूळ गोष्ट. तू हे वाचणार नाहीस, तरी मला लिहायचं आहे.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात मी तुला तार केली: अण्णा अत्यवस्थ, ताबडतोब ये. तुझी ती पहिली मोठी शर्यत होती. तू ती सोडलीस, दोन रात्री डब्याच्या दारापाशी बसून आलास आणि बघितलंस तर अण्णा जमिनीवर मांडी घालून आंबा खात होते. तुला पाहून म्हणाले, "अरे, असा अचानक?" मी तुला सांगितलं की आदल्या रात्री त्यांच्या छातीत दुखलं होतं. नंतरही दरवेळी तेच सांगितलं.

दुखलं नव्हतं. त्यांना साधी ढेकरसुद्धा आली नव्हती. त्या आठवड्यात तुमच्यातला एक मुलगा सरावात गेला, हे मी पेपरात वाचलं होतं आणि तुला थांबवायला मला दुसरं काही सुचलं नाही. अण्णांना तर मी वापरलं हे कधीच कळलं नाही.

मग एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत त्याच शब्दांची तार पुन्हा केली. ती खरी होती. तू ती वाचलीस, खिशात टाकलीस आणि शर्यतीला गेलास. दुसरा आलास. मी घाटावर गेले. तिथल्या भटजींचे उच्चार ऐकवेनात, म्हणून मंत्र मीच म्हटले आणि अग्नीही मीच दिला. लोकांनी त्यावर बरंच काही म्हटलं. तू आलास तेव्हा मी दारातच म्हटलं, "बापापेक्षा गाडी मोठी." तू म्हणालास, "तुझ्या तारेवर कुणी विश्वास ठेवायचा?" मी म्हटलं, पहिलीही खरीच होती. सहा वर्षं मी तेच धरून बसले, कारण ते सोडलं असतं तर मग अण्णांच्या शेवटच्या वेळी तू नव्हतास याला कारण मी, हे आपोआपच सिद्ध झालं असतं. अनुमान सोपं आहे. पहिल्या वर्षाच्या मुलालाही जमेल.

आणि एक. तू मॉडेलसोबत नकाशा पाठवला होतास. दोन पानं. एक पान टाइप केलेलं, मापांचं. ते मी वाचलं. दुसरं पान तुझ्या हाताचं. त्यात डोकं कसं आणि कुठे बसवायचं ते बाण काढून दाखवलं आहे, हे मला या महिन्यात कळलं. ऑक्टोबरमध्ये तुझं अक्षर दिसलं आणि मी ते पान घडी घालून फायलीत टाकलं. राग होता की काय होतं, मला माहीत नाही. तू पत्रं उघडत नाहीस याबद्दल मी तक्रार करू शकत नाही, एवढं कळलं.

असो. माझ्या शब्दाला तुझ्याकडे प्रमाण राहिलेलं नाही आणि ते योग्य आहे. पण प्रत्यक्ष नावाचंही, म्हणजे डोळ्यांनी बघण्याचं, एक प्रमाण असतं, त्याला बहीण लागत नाही.

हे पत्र तुला, नेहमीच्या पोस्टाने. त्याबरोबरच आज एक रजिस्टर पार्सल नरसिंहच्या नावाने पाठवलं आहे. त्यात शब्द जवळजवळ नाहीत. आत लाल लोकरीचे चाळीस तुकडे आहेत, बोटभर लांबीचे, आणि चिकटपट्टी. आमच्या टनेलमध्ये हवा दिसत नाही म्हणून आम्ही मॉडेलवर अशी लोकर लावतो. हवा नीट वाहत असली की धागे विंचरल्यासारखे निजतात. बिघडली की फडफडतात, उलटे उभे राहतात. लोकर पानिपतची. नाव ऐकून आपल्या लोकांचा चेहरा पडतो, पण त्या गावात ब्लँकेटं उत्तम होतात.

सोबत दोन फोटो आहेत, आमच्या मॉडेलचे. एक डोक्याशिवाय, एक डोक्यासह. आणि रसिकाने काढलेलं चित्र: गाडीच्या पंखावर धागे कुठे लावायचे, तुला हेल्मेट घालून गाडीत बसवायचं, जुन्या धावपट्टीवर सरळ चालवायचं, आणि नरसिंहने बाजूच्या व्हॅनमधून बघायचं. एवढंच. वळायचं नाही, पळायचं नाही. चित्रात नरसिंहला मिशा आहेत. रसिकाने अंदाजाने काढल्या. असल्या तर सांग.

त्यात मी पुढे काही लिहिलेलं नाही. थांब असंही नाही.

ताई


मंगळवार, १४ फेब्रुवारी

सुधन्वा,

रविवारी सकाळी आठ वाजता वर्कशॉपला फोन लावला. वाजत राहिला. अर्थात, सगळे ट्रॅकवर असणार. दहाला पुन्हा लावला, बाराला पुन्हा. सरदारजी म्हणाले, "आंटी जी, जो उठाएगा नहीं उसका पैसा भी नहीं. बैठो, चाय पियो." प्यायले. तिथे माझ्यासारखी आणखी एक बाई बसली होती, तिचा मुलगा दुबईला असतो. आम्ही एकमेकींना काही विचारलं नाही.

आमच्या पार्सलची पोच आली आहे. सही नरसिंहची, आठ तारखेची. म्हणजे त्याला चार दिवस मिळाले. चार दिवसांत चाळीस धागे लावता येतात. पण लावायचे की नाही हे तो ठरवणार नाही, तू ठरवणार.

टीव्हीवर रविवारी क्रिकेट होतं. इतक्या वाहिन्या झाल्या, पण तुमची शर्यत कुठेच नाही. दुपारी मी अंथरुणावर पडून वाऱ्याची नावं म्हणत राहिले, अण्णा आपल्याकडून पहाटे म्हणून घ्यायचे तशी. समीरण, सदागती, मातरिश्वा, प्रभंजन. तू नेहमी प्रभंजनापाशी जोर द्यायचास, म्हणजे अण्णांना वाटावं तुला बाकीचीही येतात.

कस्तुरबा गांधी मार्गावर एक वाचनालय आहे, तिथे मद्रासचा पेपर एक दिवस उशिरा लावतात. आज रजा टाकून गेले. खेळाच्या पानावर, खाली, चार ओळी. पहिल्या तिघांची नावं. तू नाहीस. बाकी किती गाड्या होत्या, कुणाचं काय झालं, काही नाही. एकही ओळ नाही. उभ्याने चारदा वाचलं. अपघात झाला असता तर पेपराने एक ओळ दिली असती, असं मी स्वतःला सांगितलं. मग आठवलं, त्या सत्त्याऐंशीच्या मुलाची बातमी दोन दिवसांनी आली होती.

परत येताना बदरपूरला बस बंद पडली. खाली उतरून उभे राहिलो. समोर नव्या वसाहतीचे सांगाडे, प्रत्येकावर मोठी पाटी: तुमच्या स्वप्नातलं घर. त्यांतल्या दोन इमारती मी तपासलेल्या आहेत. बाराव्या मजल्याच्या गच्चीवर वारा किती येईल हे मी अचूक सांगू शकते. तिथे कोण राहील ते नाही.

फोन उद्या करणार नाही. कोण उचलेल याची मला भीती वाटते.

ताई


शुक्रवार, २४ फेब्रुवारी

चि. सुधन्वा,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे मला नाही, संचालक साहेबांना. इंग्रजीत, टाइप केलेलं, कंपनीच्या कागदावर, आणि खाली या वेळी भागीदाराची नव्हे, तुझी सही.

साहेबांनी मला बोलावलं आणि पत्र पुढे सरकवलं. मी वाचलं. तू लिहिलंस: आपल्या संस्थेच्या अहवालावर विसंबून आम्ही मागच्या पंखाचा कोन कमी केला. दहा फेब्रुवारीला धावपट्टीवर लोकरीचे धागे लावून पाहिलं असता पंखाच्या मधल्या भागात हवा पूर्णपणे बिघडलेली आढळली. सबब गाडी स्पर्धेतून मागे घ्यावी लागली. वर्षभराचे श्रम वाया गेले. हा संस्थेचा अक्षम्य निष्काळजीपणा आहे.

अक्षम्य. काय सुरेख शब्द शोधलास.

साहेब म्हणाले, "कुमुद जी, आप मुस्कुरा रही हैं? ये कम्प्लेंट है. आपके ख़िलाफ़ है."

मी म्हटलं, "जी. बिल्कुल सही लिखा है."

रसिका शेजारी उभी होती, तिने माझा दंड धरला.

शेवटचा परिच्छेद मी पुन्हा वाचला. ही चाचणी संस्थेने स्वखर्चाने पुन्हा करून द्यावी. आणि ती, आमची विनंती आहे, त्याच अधिकाऱ्याकडून व्हावी.

त्याच अधिकाऱ्याकडून. साहेबांना त्याचा अर्थ लागेना. ते म्हणाले, गिऱ्हाईक असं कधी मागत नाही. चुकणाऱ्याला दूर ठेवा म्हणतं. मग त्यांनी चष्मा लावून सही नीट पाहिली. "ये खांबेटे... आपके कोई लगते हैं क्या?" आणि माझं उत्तर यायच्या आतच, भला माणूस, मला वाट काढून दिली: "वैसे महाराष्ट्र में तो बहुत होंगे."

मला नियम पाठ आहे. ज्या कामात अधिकाऱ्याचा जवळचा नातेवाईक गुंतला असेल, ते काम त्या अधिकाऱ्याने करू नये. हो म्हटलं की चाचणी माझ्या हातून गेली. नाही म्हटलं की मिळाली. तू मागितलेली, सहा वर्षांत मागितलेली एकच गोष्ट. एक शब्द बोलायचा होता, आणि असल्या शब्दांचा मला सराव आहे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

मी म्हटलं, "छोटा भाई है."

"सगा?"

"सगा."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, पहिल्या वेळीच का सांगितलं नाहीत? मी म्हटलं, तेव्हा आम्ही बोलत नव्हतो. "और अब?" त्यांनी विचारलं. मी पत्राकडे बोट दाखवलं.

तर मला मेमो मिळाला आहे. सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचा आहे. तो मी कालच दिला. बहुतेक बढती अडकेल. अडकू दे, निवृत्तीला सातच वर्षं आहेत. गुलाबरावांनी मागे लागून आपलं नाव खुलाशात घालायला लावलं. म्हणाले, "कुंकवाचं मी सांगतो, बाई. तुम्हाला नीट सांगता येणार नाही."

चाचणी नऊ मार्चला, गुरुवारी, सकाळी साडेसहाला. ती रसिका करेल. तुझ्याहून कमी हट्टी आणि माझ्याहून कमी नीटनेटकी आहे, म्हणजे भोक दिसलं तर आधी विचारेल. ग्राहक म्हणून तुला आत हजर राहायचा हक्क आहे. पत्र तू वाचशील की नाही मला माहीत नाही, म्हणून हीच तारीख संस्थेकडून अधिकृतपणेही तुला कळवली आहे. ते पत्र तरी उघड.

मला त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये जाता येणार नाही. दाराबाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक आहे, मी तिथे बसणार आहे. मार्चमध्येही सकाळी गारठा असतो, तेव्हा स्वेटर आण. आत जा, डोकं बसलंय का ते स्वतः बघ, सही कर आणि बाहेर ये. बाकावर दोन माणसं बसतात. नातेवाइकांनी शेजारी बसू नये असा नियम आहे का, ते मी पुस्तकात शोधलं. सापडला नाही.

तुझी
ताई